निघण्याआधीचं मिनिट

विमान दीड तासाचं, पण आर्सेनीच्या मते आज धुकं होतं. वेगवान रेल्वे चार तासांची, पण तिच्यात म्हणे पाठ अवघडते. “मी बसने येतो,” तो बहिणीला म्हणाला. ताइसिया भडकली. “दादा, बस पीटर्सबर्गला रात्री अकराला पोचते! बाबांना संध्याकाळी सहालाच ऑपरेशनला नेणार. त्यातून उठतील याची खात्री डॉक्टरांनाही नाही.” “म्हणूनच.” “दहा वर्षांचा अबोला पुरला नाही?” “तू जा तुझ्या रेल्वेने!” तिने बॅग ओढली. पण मिनिटभर गप्प बसल्याशिवाय मॉस्कोतल्या त्या घरातून कुणीच प्रवासाला निघत नसे. ती बॅगेवर टेकली. धुसफुसत तोही समोर बसला. टोमणा मारायची सोय नव्हती. हे मिनिट बाबा नेहमी लांबवायचे. ती उठणार, तोच त्याने तिकिटाला लागणारा पासपोर्ट तिच्या मांडीवर ठेवला. “रेल्वेचं काढ. पण त्यांच्या खोलीत आधी तू शिर.”