दादाचा व्हिडिओ

चारदा मोजल्याशिवाय कापडाला कात्री न लावणारा शिंपी तो. डॉलर-युरोच्या खरेदी-विक्रीत महिन्यात पैसे दुप्पट म्हणणाऱ्या ॲपवर त्याचा काही विश्वास बसला नव्हता. पण 'मला माझे पैसे मिळाले' असं हसत सांगणाऱ्या एका वयस्कर बाईंचा व्हिडिओ त्यानं पाहिला आणि दुकानाचं सगळं भांडवल त्यात ओतलं.

पैसे काढायला गेला, तर कंपनीची अट: आधी 'पैसे मिळाले' असा व्हिडिओ पाठवा, मग लगेच रक्कम सोडतो. त्यानं नवा सदरा चढवला, मशीनशेजारी उभा राहिला आणि तोंडभर हसून तसं बोलला.

दुसऱ्या दिवसापासून तिकडचा फोन बंद. लाजेपायी त्यानं घरातसुद्धा ब्र काढला नाही.

काही दिवसांनी विधवा धाकटी बहीण दुकानात आली, चेहरा नुसता फुललेला.

"दादा, मी असल्या भानगडीत पडणारी नाही, तुला माहितीये. पण तुझा व्हिडिओ बघितला आणि ह्यांच्या विम्याचे सगळे पैसे डोळे मिटून टाकले!"

कापडात शिरलेली कात्री तिथंच थांबली.

 

"आता पैसे काढायला माझाही व्हिडिओ मागतायत. तू काय बोलला होतास रे? मला शिकव ना!"