येतानाचा भार

"लग्नाच्या वेळीही यांचं असंच होतं," पिकअपच्या हौद्यातून बायकोचा आवाज आला. "कोट निवडता निवडता दुकान बंद व्हायची वेळ आणली. शेवटी भावाचा घालून उभे राहिले. बाह्या बोटांवर."

गाडीखाली उताणा पडलेला मिस्त्री हसला, पण आवाज होऊ दिला नाही. नवरा मागच्या चाकाशी उकिडवा बसला होता. चाक आणि पत्रा यांच्यामधल्या फटीत पंजा घालून तो माप घेत होता. सकाळपासून त्याचं तेच चाललं होतं.

हौद्यात एकावर एक दोन गाद्या घातल्या होत्या. ताडपत्रीच्या सावलीत ती कुशीवर पडली होती. दुखणं हाडांत उतरलं होतं. गाडी खड्ड्यात आदळली की ती ओठ मिटून घ्यायची आणि मग बराच वेळ तिची थट्टामस्करी बंद असायची. खड्डा केवढा होता, ते नवऱ्याला त्यावरून कळायचं. आज तो तिला मुद्दाम घेऊन आला होता. प्रत्येक बदलानंतर गल्लीतून एक फेरी, आणि मग तिला विचारायचं. "मापाला गिऱ्हाईक लागतंच," ती म्हणाली होती.

सोमवारी तिला डोंगरावरच्या दवाखान्यात पोचवायचं होतं. तिथे कुणाला बरं करत नाहीत. दुखू देत नाहीत, एवढंच. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून हे समजावलं होतं. नवऱ्याने त्यातलं एकच वाक्य घरी आणलं: वरचा रस्ता उखडलाय, जपून न्या. ॲम्ब्युलन्सला तिनेच नकार दिला. "भोंगा वाजवत जायला मी काय लागलेली आग आहे?"

गाडी फरशा वाहायची. मागच्या चाकांवर धक्के झेलणारे पोलादी पाटे होते, जाड-पातळ, एकावर एक रचलेले. फरशा भरल्या की गाडी लोण्यावरून चालल्यासारखी चालायची. रिकामी असली की उडायची. आणि हिच्या वजनाची गाडीला दखलच नव्हती.

"गाडी उचलूनच घेऊ," नवरा म्हणाला. "ठोकळे घाल खाली. पोट घासणार नाही कुठे."

"उंच केली की वळणावर डोलेल," मिस्त्री खालून म्हणाला. "त्यात पाटे मऊ केले तर झोपाळाच. वहिनींना मळमळेल."

"मग नको उचलायला. नुसते मऊ कर."

"मऊ केली की मागून बसेल. दगडगोट्यांत खालून आपटेल."

"मग पाट्यांऐवजी हवेचे फुगे बसव."

"फुगे चांगले. पण त्या रस्त्यावर एक फुटला, तर वाटेत काय करणार?"

"मग काय करू म्हणतोस?" नवऱ्याचा आवाज चढला. मिस्त्री गाडीखालून बाहेर सरकला आणि हात पुसत राहिला. फडकं हातांपेक्षा काळं होतं.

"रस्ताच बदलून आणा दोघं मिळून," हौद्यातून आवाज आला. "तेवढं सोपं पडेल."

मिस्त्रीच्या हातून नट घरंगळला आणि गटारात गेला.

या मिस्त्रीची एक रीत होती. पाट्यांना हात लावण्याआधी तो प्रत्येकाला दोन गोष्टी विचारायचा: जाताना काय भरणार आणि येताना काय भरणार. विटावाला असो, दूधवाला असो, नीट उत्तर मिळाल्याशिवाय पाना उचलायचा नाही. लोक वैतागायचे. नवराही पूर्वी वैतागायचा. "जाताना रिकामी, येताना फरशा, किती वेळा सांगू?" आज मात्र मिस्त्रीने जाताना काय, एवढंच विचारलं. नवऱ्याने हौद्याकडे बोट केलं. पुढे मिस्त्री पाना शोधू लागला. पाना त्याच्या हातातच होता.

दुपार कलली. तिने पाणी मागितलं. नवऱ्याने हौद्यात चढून तिच्या मानेखाली हात घातला आणि दोन घोट पाजले. खाली उतरला तेव्हा त्याचं ठरलं होतं.

"उचलायची नाही. जाड पाटे सगळे काढ. पातळ तेवढे ठेव. मी पायी चालतो तशी नेईन, प्रत्येक दगड बघून."

"पातळ पाट्यांवर फरशा पेलणार नाहीत, दादा. मोडतील."

"फरशा वाहायच्या नाहीत आता."

"अन् काढलेले पाटे?"

"भंगारात टाक."

मिस्त्रीने मान हलवली. जॅक लावला. गाडीचा मागचा भाग हळूहळू वर गेला. पहिला नट सुटला, दुसरा सुटला, आणि जाड पाटा खणखणत फरशीवर पडला. मग ताडपत्रीची कड बाजूला झाली. कोपरावर रेटा देऊन ती अर्धी उठली होती. त्या अर्ध्या उठण्याला बराच वेळ लागला असावा, कारण कपाळ घामाने भिजलं होतं.

"मिस्त्री, आज दुसरं विचारलं नाहीत तुम्ही."

"अगं, पड तू," नवरा म्हणाला. "अंग दुखेल."

"पडतेच आहे. आधी त्यांना विचारू दे. बाकी सगळ्यांना विचारतात, मग आपल्यालाच का सूट?"

मिस्त्रीने पाना खाली ठेवला. मग गाडीच्या पत्र्याकडे बघत तो हळूच म्हणाला, "येताना काय भरणार, वहिनी?"

"फरशा," ती म्हणाली. "पाटे माझ्या उशाशी बांधून द्या. तिथे पोचल्यावर हे परत बसवून घेतील. येताना मी नसेन, पण यांना काम करावं लागणार आहे."