अंजिराखालची मावशी

स्टामाटियाआजीच्या टोमॅटोच्या वाफ्यात दोन हजार वर्षांपूर्वीची, बसलेली संगमरवरी बाई सापडली. म्हणजे, सापडली नाही. ग्रीसमधल्या त्या डोंगरातल्या गावात कुणालाच कधी काही सापडत नाही. सापडलं की पुरातत्त्व खातं येतं, वाफ्याला तारेचं कुंपण घालतं आणि सापडलेलं शहरात घेऊन जातं. म्हणून आजीने शेजाऱ्याचं खेचर लावून बाईला वर ओढलं, न्हाऊ घातलं, डोक्याला विधवेचा काळा रुमाल बांधला आणि अंगणात अंजिराखाली ठेवलं.

आठवड्याभरात खात्याची अधिकारी दारात हजर.

"आजी, या कोण?"

"माझी मावशी."

"बोलत नाहीत?"

"नवरा गेल्यापासून नाही."

"कधी गेले?"

"झाली की बरीच वर्षं."

अधिकारी बाईने मावशीचा हात हातात घेतला. "केवढा गार!"

"इथली हवाच तशी. तूही स्वेटर घालत जा, पोरी."

मावशीपुढे कॉफीचा कप होता, भरलेला. तो बघून अधिकारी हळूच म्हणाली, "शहरात नेलं तर? उबदार खोली, रोज माणसं भेटायला."

आजीने मावशीच्या डोक्यावरचा रुमाल नीट केला. पोरं अथेन्सला गेल्यापासून तिचं ऐकून घेणारं घरात एवढंच माणूस होतं.

"लिहून घे," शेवटी ती म्हणाली. "मावशीस हलवायचेच झाल्यास, एकमेव हयात नातेवाईक म्हणून मलाही त्याच दालनात, खिडकीशेजारी, कायमस्वरूपी मांडण्यात यावे, आणि 'हात लावू नये' अशी पाटी आम्हा दोघींपुढे नसावी, ही नम्र विनंती."