एकदा चला

"शेवटच्या आठवड्यात त्याच्या तोंडी एकच होतं," इरिनी उल्काला इंग्रजीत म्हणाली. "अहो, अहो, अहो."

निशिकांतचा घास तोंडातच राहिला. हातातल्या वाटीत उकडलेले गहू, साखर आणि डाळिंबाचे दाणे होते. ग्रीक लोक गेलेल्या माणसाच्या नावाने हे वाटतात, असं दारातच कुणीतरी सांगितलं होतं. गेलेला माणूस म्हणजे इरिनीचा भाऊ, लेफ्तेरिस. दारातच उल्का आणि इरिनी एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या. त्या नादात निशिकांतची ओळख करून द्यायची राहूनच गेली. आता उल्काने डोळ्यांना रुमाल लावला आणि ती चहाचं बघायला आत गेली.

अहो! हा शब्द त्याचा होता. लग्न झाल्यापासून उल्काने त्याला कधी नावाने हाक मारली नव्हती. सांगलीच्या घरात नाही, सिंगापूरला बुओना व्हिस्टाच्या फ्लॅटमध्ये नाही, बोटीवर फोन करतानाही नाही. तसं 'अहो' कुणालाही म्हणतात, भाजीवाल्यालासुद्धा. पण त्यापुढे काहीतरी लागतं. अहो काका, अहो साहेब. नुसतं 'अहो' एकालाच. आणि परक्या माणसाच्या तोंडी असा शब्द बसतो कधी? दर शनिवारी कानावर पडला तर.

दर शनिवारी उल्का इथे, मरीन परेडला, लेफ्तेरिसकडे चित्रकला शिकायला यायची. नवरा महिनोन्महिने बोटीच्या पोटात इंजिन सांभाळत घामाने निथळणार आणि ही इथे रंग कालवणार. तो सुट्टीवर आला की म्हणायची, "अहो, एकदा चला ना तिकडे. तुमचं काम आहे."

"माझं काय काम चित्रकाराकडे? इंजिन बिघडलंय का त्याचं?"

मग ती ब्रश पिशवीत भरून निघायची. तिचं ते निघणंही त्याला खुपायचं. आज तो आला होता, पण शोक करायला नव्हे. ती किती रडते ते बघायला.

उल्का चहाचा ट्रे घेऊन आली. त्याने तिला कोपऱ्यात गाठलं.

"तू त्याला काय म्हणायचीस?"

"कुणाला?"

"त्याला."

"लेफ्तेरिस. आणखी काय म्हणणार? अहो, हळू बोला, लोक बघतायत."

लोक बघत नव्हते. लोक आठवणी सांगण्यात गुंग होते. लेफ्तेरिसचे वडील ग्रीसच्या कुठल्याशा बेटावरून सिंगापूरला आले आणि बोटींना दोर, रंग, किराणा पुरवू लागले. धंदा बसला तेव्हा त्यांनी गाडी विकली, भिंतीवरचं एकही चित्र विकलं नाही. आई जेवू घालताना त्या चित्रांच्या गोष्टी सांगायची. लहानग्या लेफ्तेरिसने एकदा बोटीच्या उरलेल्या रंगाने गोदामाच्या दारावर मोठा मासा काढला. वडिलांनी त्याला मारलं नाही. दार उचकटून घरी आणलं. ते दार अजूनही हॉलमध्ये भिंतीला टेकून उभं होतं.

सगळे हसले, काहींनी डोळे पुसले. निशिकांत जळत राहिला. मेलेल्या माणसावर जळू नये हे त्याला कळत होतं, पण कळून उपयोग काय? त्याच्या घरी भिंतीवर कॅलेंडर असायचं. पुस्तकाच्या कोऱ्या पानावर बैल काढला म्हणून त्याने वडिलांचा मार खाल्ला होता. ह्याला वडीलही असे मिळाले, आणि शनिवारची उल्काही ह्यालाच.

"तुम्ही आतलं चित्र पाहिलंत?" इरिनी अचानक त्याच्यासमोर उभी राहिली. "शेवटचं. कम लाह, या ना, सगळ्यांनी पाहिलं."

आतल्या खोलीत चित्रकाराच्या लाकडी घोड्यावर, ईझलवर, एक चित्र झाकून ठेवलं होतं. समोर एक रिकामी खुर्ची. घोड्याला चिकटवलेल्या चिठ्ठीवर इंग्रजीत तीनच अक्षरं होती, ए, एच, ओ. अहो.

म्हणजे स्वतःचं चित्र काढून त्याला माझं नाव! निशिकांतने तिथेच ठरवून टाकलं. चित्र बघायचं, उल्काला हाताला धरून उठवायचं आणि पुन्हा ह्या घराचं नाव काढायचं नाही.

इरिनीने कापड ओढलं.

एक माणूस जेवणाच्या टेबलाशी बसला होता. एक पाय खुर्चीवर दुमडून. समोर बशीत ओतलेला चहा. उजव्या मनगटावर वाफेने भाजल्याचा लांबट डाग. चष्मा बनियनच्या टोकाने पुसायला काढलेला.

निशिकांतने शर्टाची बाही हळूच खाली ओढली.

त्या माणसाला चेहरा नव्हता. तिथे नुसतं कोरं कापड होतं.

"उल्का सगळं सांगायची आणि माझा भाऊ काढायचा," इरिनी म्हणाली. "यायची शिकायला, पण निम्मा वेळ ह्याच्याबद्दलच बोलायची. अहो असा बसतो, अहो असं हसतो. फोन आला की तीच हाक, म्हणून आम्हाला नाव पाठ. माझ्या भावाने लग्न केलं नाही. तो म्हणायचा, आयुष्यात मला एकाच माणसाचा हेवा वाटला, ह्या अहोचा. पण चेहरा ऐकून काढायला तयार नव्हता. म्हणायचा, तो येऊन ह्या खुर्चीत बसेल तेव्हाच. फार वाट पाहिली त्याने." तिने कापडाची घडी केली. "उल्का म्हणायची, तो बोटीवर असतो. बिझी असेल. तुम्ही ओळखता का त्याला? सॉरी, तुमचं नाव विचारायचंच राहिलं."

निशिकांत त्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसला. एक पाय आपोआप वर दुमडला गेला.

"अहो," तो म्हणाला. "मीच. यायला जरा उशीर झाला."