नागपूरची एक जागा

जरा जवळ सरा. बुवांचा फेटा बांधून व्हायचा आहे, तेवढ्यात एक गोष्ट होऊन जाईल. टाळ मांडीवरच राहू द्या.

कुलदीप मुंबईच्या विमानतळावर बॅगेची वाट पाहत उभा होता. पट्टा फिरत होता आणि त्याची बॅग तेवढी येत नव्हती.

मस्कतचं विमान उशिरा उतरलं होतं. नागपूरचं विमान दुसऱ्या कंपनीचं, दुसऱ्या टर्मिनलवरून सुटणारं. दोन्ही तिकिटं घाईत वेगवेगळी काढलेली. म्हणजे बॅग घ्यायची, कस्टममधून सुटायचं, बसनं तिकडे जायचं आणि पुन्हा नव्यानं रांगेत लागायचं.

"माह्यीबी नाही आली, भाऊ," शेजारची बाई म्हणाली.

ही यास्मीन. अकोल्याची, मस्कतला नर्स. विमानात त्याच्या शेजारीच बसली होती आणि तिलाही तेच नागपूरचं विमान गाठायचं होतं. तिचे वडील कुर्बानमियाँ अकोल्यात रजया भरायचे. आता अंथरुणाला खिळले होते.

"सकाळी फोनवर बोलले माह्याशी," ती म्हणाली. "आवाज वळखला. म्हने, कहां तक आई? आता मस्कतहून कुठवर आली सांगू त्यायले! आन तुमची माय?"

"तब्येत नरम हाये म्हणते," कुलदीपनं एवढंच सांगितलं.

खरं काय ते त्याला ठाऊक होतं.

त्या वर्षांत वऱ्हाडातून असे फोन फार जात. कापूस पिकवणाऱ्या गावांतली पोरं दूर दूर पांगली होती आणि मागं राहिलेल्यांचं काही खरं नव्हतं. पण मरण फोनवर कोणी सांगत नसे. वाटेत पोरगं खचू नये म्हणून म्हणायचं, तब्येत नरम हाये, ये. बाबा गेले तेव्हा चुलतभाऊ नत्थुजीनं हेच सांगितलं होतं. कुलदीप आजाऱ्यासाठी संत्र्यांची पिशवी घेऊन धावत आला, तर अंगणात तिरडी बांधून तयार. लोक त्याच्याकडे बघत होते आणि तो संत्र्यांकडे.

काल पुन्हा नत्थुजीचाच फोन. शब्दही तेच. कुलदीपनं पुढं काही विचारलंच नाही.

आता एकच ध्यास होता. दिवस असेतो धामणगावला पोचायचं आणि आपल्या हातानं मायला अग्नी द्यायचा. सूर्य बुडाल्यावर देत नाहीत.

बॅगा आल्या. दोघं धावत बसमध्ये चढले, धावत उतरले. खिडकीवरच्या मुलीनं मान हलवली.

"बंद झालं, सर. तुमचं पहिलं विमान आमचं नव्हतं. आम्ही काही करू शकत नाही."

शेजारच्या कंपनीच्या खिडकीवर संध्याकाळच्या विमानात एक जागा निघाली. एकच. रांगेत कुलदीप पुढं होता, यास्मीन मागं. त्यानं पाकीट काढलं आणि दुसऱ्या हातानं नत्थुजीला फोन लावला.

"नत्थुभाऊ, विमान हुकलं. मायसंग बोलू दे."

नत्थुजीनं आवाज खाली आणला.

"झोपली हाये रे. डॉक्टरनं सुई देली. तू निस्ता ये."

बाबाही असेच झोपले होते.

"मी येईस्तोवर थांबसान ना?"

"थांबूनच हाओत, बावा. कुठं जातो आमी?"

काचेबाहेर ऊन उतरणीला लागलं होतं. या विमानानं गेलं तरी गावात पोचेपर्यंत रात्र होणार, आणि रात्री अग्नी नाही. रात्री पोचला काय, सकाळी पोचला काय, सारखंच. मागं यास्मीन फोनमध्ये म्हणत होती, "हां अब्बा, आ रई. बस, आ रई."

कुलदीप रांगेतून बाजूला झाला.

"ताई, तुमी घ्या हे जागा."

"आन तुमी? तुमची माय बिमार हाये ना!"

"माय आता कुठं जात नाही. मी रातच्या मेल गाडीनं निघतो, सकाळी धामणगावले उतरतो."

"असं कसं, भाऊ? तुमी पुढं होते."

"जा म्हणतो ना! बापाले पाणी पाजा."

तिनं त्याचा नंबर लिहून घेतला.

नत्थुजीला गाडीचा निरोप धाडून दादरला त्यानं तुळशीचा हार घेतला. देवळात कीर्तन असलं की आशाबाई, म्हणजे त्याची माय, बुवांसाठी स्वतः हार गुंफायची. बुवांच्या गळ्यात तो पडल्याशिवाय खाली बसायची नाही. आता तिच्या गळ्यात तिच्या लेकानं घालावा. ओल्या रुमालात गुंडाळून हार त्यानं उशाशी ठेवला. गाडीत काही खाल्लं नाही. घरी चूल पेटली नसेल, आपण कसं खावं?

उजाडता उजाडता फोन वाजला.

"भाऊ, अब्बानं माह्या हातानं पाणी पेलं! तुमचं नाव इचारलं. दुआ करून राहिले तुमच्यासाठी."

मस्कत सोडल्यापासून तो रडला नव्हता. आता खिडकीकडे तोंड करून मोकळा रडला. "माये," तो हळूच म्हणाला, "तुह्या नावानं एक बरं काम झालं, पाह्य."

धामणगावच्या फलाटावर नत्थुजी उभा होता. डोळे तांबारलेले. कुलदीपनं उतरून रुमाल सोडला. हार अजून ताजा होता.

नत्थुजी हाराकडे बघतच राहिला.

"तुले कोनं सांगतलं?"

"सांगाले काय लागते, भाऊ? मले मस्कतलेच समजलं."

"मस्कतले?" नत्थुजीचा आवाज फुटला. "रातभर दाराकडं पाहत होती ते. आला का माहा कुलदीप, आला का, म्हने. आत्ता दिवस निघता निघता गेली. हा हार तुनं कवा घेतला?"

बुवा उभे राहिले. घ्या टाळ हातात, मंडळी. आणि पहिल्या गजरात आशाबाईची आठवण असू द्या.