कर्लीचं कालवण

सदा ताटावर बसला आणि पहिली गोष्ट काय केली, तर वर्तमानपत्र उघडलं.

येसूबाईच्या हातातली पळी तिथेच थांबली. सकाळपासून ती गप्प होती, म्हणजे तिच्या मानाने गप्प. मुलगा कालच आगबोटीने मुंबईहून आलेला, दोन दिवसांचा पाहुणा. त्याने उठल्या उठल्या, तोंडही न धुता चहा मागितला, तिने दिला. पेज नको म्हणाला आणि स्वतःच्या पिशवीतून मुंबईचा शिळा पाव काढून चहात बुडवून खाल्ला, तेही तिने पाहून न पाहिल्यासारखं केलं. उन्हं वर आली तसा पुन्हा चहा. मग जेवायच्या वेळेला भूकच नाही. इतका चहा ढोसल्यावर भूक लागणार कुठून, असं ती चुलीला म्हणाली होती, कारण मुलाला म्हणायची सोय नव्हती.

आणि आता जेवताना पेपर.

"अरं, ताटात बघ की!"

"बघतो गं आई. ऑफिसची सवय लागलीय. तिथे जेवायला वेळ कुणाला असतो? हॉटेलात उभ्या उभ्या ऑम्लेट-पाव खायचा, वर चहा ओतायचा आणि पळायचं."

आई. मुंबईला जाईपर्यंत ती आये होती. आणि ओतायचा म्हणे! पोट म्हणजे काय कंदील आहे, घासलेट ओतायला?

ताटात कर्ली होती. हिरामणने, सदाच्या बापाने, पहाटे व्यापाऱ्यासमोर मासळीचा ढीग लावायच्या आधीच ती घरासाठी बाजूला काढली होती. कर्लीसारखी चव दुसऱ्या मासळीला नाही आणि कर्लीइतके काटेही नाहीत. केसासारखे बारीक, कुठून निघून कुठे गेलेत ते कळत नाही. ती खायची म्हणजे नजर ताटात हवी आणि जीभ जागी हवी. शहाणी माणसं तेवढा वेळ बोलतसुद्धा नाहीत. सदा जेमतेम चड्डी घालायला लागला होता तेव्हापासून एकटा बसून कर्ली खायचा आणि काट्यांची छान जुडी ताटाच्या कडेला लावून ठेवायचा. त्या जुडीचं येसूबाईला कोण कौतुक! शेजारणींना बोलावून दाखवायची. आजही तिला तीच जुडी पाहायची होती. मुंबईने पोराचं बाकी काय न्यायचं ते नेलं असेल, पण एवढं तरी राहिलं असेल, असं ती मनाशी धरून बसली होती.

सदाने पान उलटलं, घास घेतला. दुसरा घेतला आणि त्याचा हात ताटातच थांबला. डोळे मोठे झाले. एकदा खोकला, मग घशातून नुसतीच घरघर.

"काटा?" तिचा विश्वास बसेना.

त्याने मान डोलावली.

येसूबाईने कोऱ्या भाताचा गोळा केला आणि त्याच्या तोंडात कोंबला. "चावू नको, गिल!" त्याने गिळला. काटा जागचा हलला नाही. दुसरा गोळा. सदाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. आता काय करावं, म्हणून तिने इकडे तिकडे पाहिलं आणि तिची नजर खुंटीवरच्या पिशवीकडे गेली. दातओठ खात तिने सकाळचा उरलेला पाव बाहेर काढला, वाळका तुकडा तोडला आणि त्याला गिळायला लावला.

काटा गेला. पावाने गेला, याचाच तिला जास्त राग आला.

"येसू, अगं काय जालं?" कुंपणाच्या वईपलीकडून शेजारच्या रंगूने हाक मारली. "सदाला काटा लागला का काय?"

रंगूला कळलं म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या कोळीवाड्याला कळणार. येसूबाई दारात येऊन उभी राहिली. आजवर तिने आपल्या कालवणाबद्दल कुणाचा एक शब्द ऐकून घेतला नव्हता. वाड्यातल्या लग्नाला मसाला तिच्याच हातचा लागायचा. सासू एकदा मीठ कमी पडलं म्हणाली होती, तर येसूबाई ते सासू मरेपर्यंत तिला बोलून दाखवत होती.

"काटा? कोल्याच्या पोराला काटा लागल व्हय?" ती ओरडली. "माझंच कालवण तिखट जालंय. ठसका लागलाय त्याला."

रंगूने वईवरून डोकं वर काढलं.

"तुझं कालवण?"

"व्हय, माझं! आता म्हातारी जाले, हात चुकतो. जा, सांग सगल्यांना!"

रंगू गेली ती सांगायलाच गेली. येसूबाई आत आली. सदाने मान खाली घातली होती आणि ताट बाजूला सारलं होतं. त्याचा उठायचा बेत दिसत होता. तिने त्याला खांद्याला धरून पुन्हा पाटावर बसवलं. मग ते वर्तमानपत्र जमिनीवर पसरलं, ताट स्वतःकडे ओढलं आणि कर्लीचे काटे काढायला बसली. एकेक काटा ती वर्तमानपत्रावर ठेवत गेली. संयुक्त महाराष्ट्राची मोठाली अक्षरं हळूहळू काट्यांनी झाकली. निवडलेला मासा तिने भातात कालवला आणि घास त्याच्या तोंडापुढे धरला.

"आये," सदा बसक्या आवाजात म्हणाला, "मी काय ल्हान हाय व्हय?"

"ल्हान असतास तर लागला नसता," येसूबाई म्हणाली. "आ कर."