भागीरथाचं बी

“भाऊ, कोयता घेऊन या! कोहळं उतरवलं हाय.”

भिंतीपलीकडून देवकाबाईंची हाक आली आणि सदाशिवरावांनी हातातली पालकाची जुडी तिथेच वाफ्यावर टाकली. एरवी त्यांना कुठे जायची घाई नसे. बायको भागीरथा गेली, लेक हिंगणघाटला नांदत होती. बोरगाव मेघेच्या या गल्लीत त्यांना नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. दिवसभर बोलायचा तो टीव्ही, आणि तो यांचं काही ऐकून घेत नसे.

कोहळ्याला, म्हणजे लाल भोपळ्याला, मात्र पुरुषमाणूस लागतो. कोहळं म्हणजे घरचा थोरला लेक, असं इकडे मानतात. बाईनं त्याच्यावर पहिला घाव घालायचा नाही. भागीरथा होती तोवर त्यासाठी नवऱ्याला थेट वावरातून बोलावून आणायची. देवकाबाई तर एकट्या राहणाऱ्या. त्यांनी शेजाऱ्याला बोलावलं तर त्यात नवल काय?

ओसरीवर पोतं अंथरलेलं होतं. सदाशिवरावांनी घाव घातला आणि आत बोटं घालून बी काढायला सुरुवात केली. गर देवकाबाईंचा, बी सदाशिवरावांचं, असं ठरलेलंच होतं.

कारण मूळ बी त्यांचं. भागीरथानं ते माहेराहून आणलं होतं. दरवर्षी नवं बी राखेत घोळून ती पुरचुंडीत बांधून ठेवायची. ती गेल्यावर पुरचुंडी तशीच पडून राहिली. संक्रांतीच्या सुमारास सदाशिवरावांनी ती सोडली, तर बरंचसं बी किडीनं पोखरलेलं. धड उरलं ते मूठभरही नव्हतं. त्यांच्या अंगणावर शेजारच्या दुमजली घराची सावली. तिथे पालक, मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, निघायची, पण कोहळ्याला ऊन पाहिजे. ऊन होतं देवकाबाईंच्या गच्चीवर. त्यांनी सगळंच बी देवकाबाईंच्या ओंजळीत ओतलं.

“एवढंच हाय, बाई. हे गेलं तर तिचं काहीच राह्यत नाई मग.”

“काऊन जाईन? मी हाय ना!” देवकाबाई म्हणाल्या होत्या.

आणि बाई शब्दाला जागल्या. थोड्याच दिवसांत भिंतीवरून बातमी आली, उगवलं. मग वेल कठड्यावर चढला, मग फुलं आली. सदाशिवरावांनी स्वतः मात्र वेल पाहिला नव्हता. जिना उभा, गुडघे दुखरे. शिवाय एकट्या बाईच्या घरात ओसरीच्या पुढे जाणं बरं दिसत नाही. गल्लीला चघळायला तेवढंच पुरतं. म्हणून ते रोज सकाळी भिंतीशी उभे राहून वेलाची खुशाली विचारायचे, नातवंडाची विचारावी तशी.

पहिलं कोहळं होळीच्या आधीच हाती आलं. सदाशिवराव चाटच पडले.

“इतक्या लवकर कसं पिकलं, बाई?”

“तुमीच तर सांगता, भागीरथाबाईले कशाचाच धीर नव्हता म्हून. बी तरी थांबन का मग?”

सदाशिवराव कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसले होते.

आजचं कोहळं चपटं होतं. त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं.

“मागचं लांबट होतं. अन् याचं देठ तं पार वाळलं हाय.”

“एका मायचे सगळे लेकरं सारखेच निघते का, भाऊ? उगाच खोड्या काढू नका. बोंडं करून राह्यली मी, खाऊन जा.”

गूळ घालून तळलेली कोहळ्याची गरम बोंडं पुढ्यात आली. पहिल्याच घासाला सदाशिवरावांचे डोळे भरून आले.

“तीच चव, बाई! भागीरथाच्या कोहळ्याची चव हजारात ओळखीन मी.”

देवकाबाई कढईतली बोंडं उलटायला वळल्या.

घरी येऊन सदाशिवरावांनी बी धुतलं, वाळवलं, राखेत घोळलं. थोडं घरी ठेवलं आणि बाकीचं हिंगणघाटला लेकीकडे, रुचिकाकडे, पाठवून दिलं. त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली. भागीरथाचं आता एकाच पुरचुंडीवर अडलेलं नव्हतं.

चैत्र लागला. देवकाबाईंना मोतीबिंदूसाठी सेवाग्रामच्या दवाखान्यात राहावं लागलं. जाताना त्यांनी किल्ली दिली.

“तुळशीले पाणी घालजा. गच्चीवर नका जाऊ, गुडघे धरतीन. वेलाले भरपूर पाणी देऊन ठेवलं मी.”

तुळशीला त्यांनी पाणी घातलं. पण ऊन असं तापलं होतं, की अंगणात उभं राहवेना. या उन्हात वेलाला कालचं पाणी किती पुरणार? त्यांचा जीव राहीना. बाई रागावल्या तर रागावू देत, असं म्हणून त्यांनी बादली भरली आणि भिंतीला धरून जिना चढायला घेतला.

अर्ध्यावर फोन वाजला. रुचिका होती.

“बाबा, आईचं बी उगवलं! सगळंच्या सगळं! एकही वाया नाई गेलं!”

सदाशिवराव पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. एवढा आनंद त्यांना बायको गेल्यापासून झाला नव्हता.

“रडता काऊन, बाबा? देवकामावशीकडचा मूळ वेल कसा हाय ते सांगा ना.”

“तिकडंच जाऊन राह्यलो, पोरी. थांब, पाहून सांगतो.”

फोन कानाशी धरून, बादली सावरत ते वर पोहोचले.

गच्ची स्वच्छ झाडलेली होती. कठड्यावर वेल नव्हता, एक पानसुद्धा नव्हतं. कोपऱ्यात मातीनं भरलेला अर्धा ड्रम होता. त्यात बोटभर उंचीचं एक रोप काडीला चिंधीनं हलकेच बांधलेलं होतं. त्याची दोनच पानं आली होती आणि ती केव्हाच वाळून गेली होती. ऊन लागू नये म्हणून त्याच्यावर जुन्या लुगड्याचं छत धरलेलं होतं.

“बाबा? ऐकू येते का? कसा हाय आईचा वेल?”

“गच्चीवर मावत नाई, पोरी,” सदाशिवराव म्हणाले.